खिडकीची फळी घासण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झोपायच्या खोलीतल्या खिडकीची लाकडी फळी, म्हणजे चौकटीचा खालचा उंबरा, खराब झाली आहे. व्हार्निशचे पापुद्रे निघतायत, काचेलगत लाकूड करडं पडलंय, कुंडी ठेवायच्या जागी काळं वर्तुळ उमटलंय. सुतार म्हणतो फळीच बदला. तुम्हाला ती घरी घासून पुन्हा व्हार्निश करायची आहे. त्यासाठी कोणत्या नंबरचा पेपर (सँडपेपर) आणावा, मशीन घ्यावं की हाताने घासावं आणि वरून काय लावावं, हे तुम्हाला हवंय.

वर्णनावरून फळी बहुधा वाचेल. नंबर आणि मशीन यांवर येतोच, पण त्याआधी पाण्याचं बघायला हवं. खिडकीची फळी जितकी झिजते त्याहून जास्त भिजते. पाण्याची वाट तशीच राहिली तर कितीही सुरेख घासलं आणि कितीही महागाचं व्हार्निश लावलं, तरी वर्ष-दोन वर्षांत त्याच जागी पुन्हा पापुद्रे निघतील. बरेच लोक दर खेपेला व्हार्निश बदलत राहतात आणि डाग मात्र तिथेच राहतो.

म्हणून आधी तपासणी. फळीवर वेगवेगळ्या जागी पाण्याचे थेंब टाका. थेंब गोल उभा राहिला तर तिथला जुना थर अजून शाबूत आहे. पसरून आत शिरला आणि लाकूड गडद झालं तर तिथे संरक्षण उरलेलं नाही. मग दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन काचेलगतच्या सांध्यात, फळीच्या दोन्ही टोकांशी आणि काळ्या डागात टोचून पाहा. टोक रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने जरा खुपसून वर उचला. निरोगी लाकूड कडकड करत लांब, तंतुमय ढलपी सोडतं. कुजलेलं लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यांत मोडतं आणि बोटांत चुरा होतं. नुसतं हाताने दाबून हे कळत नाही, कारण व्हार्निशचा पापुद्रा वरून कडक राहतो आणि लाकूड खालून सुटलेलं असतं.

करडेपणाची काळजी करू नका. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारा घटक, तोडतात. ते पाण्याने निघून जातं आणि मागे सैल, करडे तंतू राहतात. हे सगळं मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या थरात घडतं. घासल्यावर खालून जुन्या रंगाचं लाकूड निघतं.

काळ्या रंगाकडे मात्र नीट पाहा, कारण तो एकाच कारणाने येत नाही. खिळा, स्क्रू किंवा कुंडीचा पत्रा जिथे टेकला होता तिथला निळसर-काळा डाग म्हणजे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची रासायनिक क्रिया. लाकूड तिथे सहसा मजबूत असतं. काचेलगत ठिपक्याठिपक्यांचा काळेपणा असेल तर ती बुरशी, काचेवर जमणाऱ्या दवावर पोसलेली. आणि काळपट-तपकिरी, मऊ, आडव्या चिरांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेलं लाकूड दिसलं तर ती कूज. पहिल्या दोन्हींवर घरी इलाज आहे. तिसरी किती खोल गेली आहे त्यावर फळीचं भवितव्य ठरतं.

आता पाण्याच्या वाटा. थंड हवेत काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं, ओघळून खाली येतं आणि काच व लाकूड यांच्या सांध्यात साचतं. तिथली लांबी, म्हणजे पुट्टी, तडकली असेल तर रोज थोडं पाणी आत जातं. दुसरी वाट बाहेरून येते. बाहेरच्या भागाला बाहेरच्या दिशेने उतार हवा आणि फळीच्या पुढे आलेल्या कडेच्या खाली एक लांब खाच हवी. पाणी कडेवरून वळून पोटाखालून भिंतीकडे सरकतं, ते त्या खाचेशी तुटून खाली पडावं म्हणून ती असते. वर्षानुवर्षांच्या रंगाने ही खाच बुजलेली मला सतत दिसते. पातळ स्क्रूड्रायव्हरने खरवडून ती मोकळी केली तरी अर्धं काम होतं. तिसरी वाट म्हणजे फळीची दोन टोकं. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे कापलेल्या टोकातून पाणी सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने शिरतं. नेमकी हीच टोकं भिंतीत अडकलेली असतात आणि त्यांना कधीच कुणी व्हार्निश लावलेलं नसतं. पापुद्रे टोकांपासून आत सरकत आले असतील तर कारण इथेच आहे.

वाट बंद केली की लाकूड वाळू द्या. कूज आणणारी बुरशी साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा असलेल्या लाकडातच वाढते, आणि व्हार्निश किंवा रंग लावताना ओलावा १५ टक्क्यांच्या खाली असलेला बरा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. नसेल तर पेपर सांगतो: कोरड्या लाकडाची धूळ सुटी उडते, ओल्या लाकडाची पेपरच्या दातांत चिकटून गोळे होतात आणि तंतू लोकरीसारखे उभे राहतात. तसं झालं तर थांबा. जुना थर तेवढा खरवडून टाका, म्हणजे लाकूड मोकळं होऊन लवकर वाळेल, आणि खोलीत हवा खेळती ठेवा. दमट हवेत याला आठवडे लागू शकतात. इथे घाई करणं मला कधीच पटलेलं नाही.

घासायला घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करा. एक, फळी खरंच भरीव लाकडाची आहे ना? पुढची कड आणि टोक पाहा. वरची रेषा कडेवरून खाली उतरत गेलेली दिसली तर लाकूड भरीव. कडेला वेगळी पट्टी किंवा थर दिसले तर वर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, आहे, आणि ते अर्धा मिलिमीटरही नसू शकतं. त्यावर मशीन लावलं तर काही क्षणांत खालचा प्लाय उघडा पडतो. तिथे फक्त हाताने, १८० किंवा २२० नंबरने (नंबर जितका मोठा, पेपर तितका बारीक). फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाची, असेल आणि पाण्याने फुगली असेल, तर ती घासून बसत नाही. ती बदलावीच लागते.

दुसरी गोष्ट शिशाची. घर जुनं असेल आणि व्हार्निशखाली किंवा बाजूच्या चौकटीवर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील, तर त्यात शिसं असू शकतं. खिडकीची फळी ही तर लहान मुलांचे हात आणि तोंड हमखास पोहोचणारी जागा. तपासणीचे किट मिळतात. सगळ्या थरांसकट रंगाचा एक कपचा प्रयोगशाळेत दिला तर खात्रीचं उत्तर मिळतं. शिसं निघालं किंवा शंका राहिली तर कोरडं घासायचं नाही आणि आगीने किंवा हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) रंग जाळायचा नाही. पाणी फवारून ओलं ठेवत, वॉटरप्रूफ पेपरने घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लावायचा, आणि मुलं व गरोदर बाई त्या खोलीपासून लांब. काम मोठं असेल तर ते शिशाच्या रंगाचं काम येणाऱ्या माणसाकडेच द्या. शिसं नसलं तरी मास्क हवाच: लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसासाठी कर्करोगकारक गणली आहे.

जुना थर काढायला पेपर हे चुकीचं हत्यार आहे. घासताना उष्णतेने व्हार्निश मऊ होतं, पेपर भरतो आणि तुम्ही पेपरमागून पेपर फेकत बसता. सुटे पापुद्रे आणि जाड थर आधी धारदार खरवडणीने काढा. ती दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे, रेषेच्या दिशेने ओढायची. नुसता चुरा निघाला तर धार गेली आहे. पातळ, कुरळी साल निघाली तर बरोबर. हीट गन काचेजवळ वापरू नका, काच तडकते. रंग काढायचं रसायन वापरणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, आणि नंतर डब्यावर सांगितल्याप्रमाणे लाकूड पुसून घ्या. रसायनाचा अंश उरला तर नवा थर वाळतच नाही.

आता मशीन की हात? एकाच फळीसाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. तीन-चार खिडक्या असतील तर छोटं गोल ऑर्बिटल सँडर, म्हणजे चकती फिरवून घासणारं मशीन, घ्या, पण कोपरे आणि काचेलगतची पट्टी तरीही हातानेच करावी लागेल. पट्ट्याचं सँडर इथे नकोच; ते एका जागी क्षणभर रेंगाळलं की खड्डा पडतो आणि तो खड्डा उतरत्या उन्हात रोज दिसतो. ऑर्बिटल वापरताना दाब देऊ नका. मशीनच्या वजनाने ते काम करतं. दाबलं की चकती फिरायची थांबते आणि लाकडावर गोलगोल पिळाचे ओरखडे राहतात.

हाताने घासताना पेपर नुसता बोटांत धरू नका. बोटं मऊ रेषांत रुततात आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला बुचाचा किंवा जाड लोकरी कापडाचा तुकडा चिकटवा आणि त्याभोवती पेपर गुंडाळा. सुरुवात ८० नंबरने. लाकूड फार खडबडीत झालं असेल तरच ६०. मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळू नका: ८० चे ओरखडे १८० ने निघत नाहीत, फक्त चकाकतात, आणि व्हार्निशचा पहिला हात बसला की सगळे वर येतात. पुढच्या नंबरवर कधी जायचं हे ओळखायला फळीभर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा ओढा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की त्या नंबरचं काम झालं. खोलगट जागी रेघ उरते, तिथे थोडं जास्त घासा. प्रत्येक नंबरनंतर टॉर्च फळीच्या पातळीला आडवी धरून पाहा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे ओरखडे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. दिशा कायम रेषेची. कोपऱ्यात आडवं घासावंच लागलं तर शेवटचे हात रेषेने मारून ते ओरखडे मोडा. आणि घासण्यापूर्वी काचेच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावा. पेपरचा एक फटका काचेवर कायमची खूण ठेवतो.

व्हार्निश करायचं असेल तर १८० वर थांबा, फार तर २२०. त्याहून गुळगुळीत केलेल्या लाकडाला थर नीट धरत नाही. ऑइल पेंट लावायचा असेल तर १२० ते १५० पुरे.

एक जागा मी कुणालाही सोडू देत नाही: पुढची कड. धारदार कडेवर व्हार्निश किंवा रंग टिकत नाही, ओला असतानाच तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि धारेवर थर अगदी पातळ उरतो. म्हणून बहुतेक फळ्यांचं व्हार्निश आधी कडेवर फाटतं. १२० नंबरने ती कड दोन-तीन मिलिमीटर गोल करा. दिसायला फरक कळत नाही, टिकायला फार पडतो.

काळे डाग ८० नंबरनंतरही उरले तर खोल खणत बसू नका. फळीत खळगा होईल. लोखंडाच्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, कोमट पाण्यात त्याचे खडे विरघळवा आणि ब्रशने संपूर्ण फळीवर लावा. फक्त डागावर लावलंत तर तिथे फिकट ठिपका राहतो. डाग बऱ्याचदा डोळ्यांसमोर फिका पडतो. हट्टी असेल तर दुसऱ्यांदा लावा. मग स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा पुसून घ्या. हे ॲसिड विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि मुलं-जनावरं दूर. वाळून पांढरे स्फटिक राहिले असतील तर त्यावर पेपर चालवू नका, ती धूळ घशाला फार लागते. आधी धुवा, लाकूड पूर्ण वाळू द्या आणि मगच १२० घ्या. धुण्याचं ब्लीच लोखंडाच्या डागावर चालत नाही. ते बुरशीच्या रंगावर चालतं. दोन्ही एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

भेगांबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येक भेग भरायची नसते. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. रेषेने गेलेल्या भेगेत कडक पुट्टी ठासली तर फुगण्याच्या दिवसांत ती लाकूड आणखी फाडते किंवा स्वतः उडून जाते. पारदर्शक व्हार्निशखाली केसासारख्या भेगा तशाच राहू द्या, व्हार्निश त्यात उतरतं. भुसा आणि गोंद मिसळून भरलेली जागा व्हार्निशनंतर गडद ठिगळ होऊन दिसते. कूज लागलेली जागा मात्र पटाशीने चांगलं लाकूड लागेपर्यंत कोरायची, वाळवायची आणि दोन भाग मिसळून घट्ट होणारं इपॉक्सी भरायचं. ते रंगाखाली झाकलं जातं, व्हार्निशखाली नाही. व्हार्निशच हवं असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, बसवून घ्या. हे काम सुताराचं आहे आणि त्यासाठी त्याला बोलवावं.

वरून काय लावायचं याचं उत्तर ऊन किती येतं त्यावर ठरतं. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं आणि थराखालचं लिग्निन तोडतं. मग व्हार्निश चांगलं असूनही त्याला धरायला लाकूडच राहत नाही, आणि पापुद्रे सुटतात. रंगातलं रंगद्रव्य ऊन अडवतं, म्हणून रंग जास्त टिकतो. फळीवर दुपारचं कडक ऊन थेट येत असेल आणि लाकूड काही खास देखणं नसेल, तर मी प्रायमर आणि ऑइल पेंट सुचवेन. लाकूड दिसायला हवंच असेल तर अतिनील किरण अडवणारं, बाहेरच्या कामाचं लवचिक व्हार्निश घ्या. ते लाकडी जमिनीला लावायच्या कडक पॉलियुरेथेन व्हार्निशपेक्षा मऊ असतं आणि लाकडाबरोबर हलतं. सावलीतल्या आतल्या फळीला नेहमीचं पॉलियुरेथेन चालेल. लाखेचं पॉलिश इथे नको; पाणी लागलं की पांढरं पडतं. नुसतं जवसाचं तेल लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याचे पापुद्रे निघत नाहीत हे खरं, पण पाणी ते फारसं अडवत नाही आणि दमट जागी त्यावर बुरशी धरते. दव धरणाऱ्या खिडकीला मी ते लावत नाही.

सागासारखं तेलकट लाकूड असेल तर पहिल्या हाताच्या जरा आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर लाकडातल्या तेलामुळे थर वाळायला खूप वेळ लागतो. बाकी लाकडावरची धूळ आधी व्हॅक्यूमने आणि मग टर्पेंटाइनमध्ये किंचित ओल्या केलेल्या फडक्याने काढा. याच पुसण्यात राहिलेले ओरखडेही दिसतात.

पहिला हात पातळ करून: ऑइलच्या व्हार्निशमध्ये डब्यावर सांगितलेला थिनर साधारण १० टक्के. हा हात लाकडात शिरण्यासाठी असतो. त्यानंतरचे दोन-तीन हात जसेच्या तसे, पण पातळ थराचे. डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा. हलवल्याने आलेले बुडबुडे थरात अडकतात. थेट उन्हात लावू नका. टोकं, पोट आणि मागची कड, म्हणजे हात पोहोचेल तेवढं सगळं, वरच्या बाजूइतकेच हात लावून बंद करा, आणि कापलेल्या टोकांना एक हात जास्त. दोन हातांमध्ये रात्रभर वाळू द्या, मग २२० किंवा ३२० नंबरने हलकं, पांढरी पूड येईल इतपतच घासा आणि पुसा. पाण्यावरचं व्हार्निश असेल तर पहिल्या हाताने तंतू उभे राहतात. तिथे हे मधलं घासणं चुकवू नका.

काचेलगतच्या आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन भरायचं असेल तर ते अगदी शेवटी, कारण सिलिकॉनवर व्हार्निश किंवा रंग धरत नाही. आधी भरायचं असेल तर रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या.

व्हार्निशची किंवा तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेट घेतं. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

हाताला कोरडं लागलं म्हणजे थर पक्का झाला असं नाही. ऑइलच्या थराला पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर पल्ला फळीला चिकटतो आणि उघडताना नवा थर ओरबाडून नेतो. कुंडी महिनाभर नको. नंतर ठेवाल तेव्हा खाली पाय असलेली ताटली ठेवा, म्हणजे मधून हवा जाईल.

सुताराच्या सल्ल्याबद्दल: दाभण दोन्ही टोकांत सहज रुतत असेल, किंवा फळी दाबल्यावर चौकटीपासून हलत असेल, तर त्याचं बरोबर आहे, बदलून घ्या. तसं नसेल तर फळी घासा. पुढे दरवर्षी एकदा पाण्याच्या थेंबांनी पुन्हा तपासा. थर निस्तेज झाला पण थेंब अजून उभा राहतो, अशा वेळी २२० ने हलकं घासून एकच हात मारला की भागतं. थेंब शिरायला लागेपर्यंत थांबलात तर पुन्हा खरवडणीपासून सुरुवात करावी लागते.